गिरणगावातले खेळे, जलसे आणि कलापथके

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची पहिली कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवच्या त्या गिरणीतून सूत निघू लागले. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत भायखळ्यापासून वरळी-नायगावपर्यंत धुराड्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, डिलाईल रोड या सगळ्या पट्ट्याला पुढे गिरणगाव हे नाव पडले. या गावात मूळचे गावकरी जवळजवळ नव्हतेच. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोक शहराबाहेर जन्मलेले होते, आणि बाहेरून आलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा होता. कोकणातली माणसे बोटीने धक्क्यावर उतरत. सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर इकडची घाटावरची माणसे रेल्वेने येत, आणि ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नसत ती चालत येत. कोकणात खोताचे, म्हणजे गावच्या जमीनदाराचे, देणे, घाटावर सावकाराचे कर्ज आणि दोन्हीकडे पोटाला न पुरणारी जमीन, अशी त्यांच्या येण्याची कारणे होती.

येणारा बहुधा एकटा पुरुष असे. बायको-मुले गावी राहत, शेत सांभाळत, आणि मनीऑर्डरीची वाट पाहत. मुंबईत एका गावचे पंधरा-वीस जण मिळून चाळीतली एक खोली भाड्याने घेत. ही गावकीची खोली. भिंतीला प्रत्येकाची ट्रंक लागलेली असे. जेवण खानावळवालीकडे, झोप पाळीप्रमाणे, म्हणजे दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाल्याने त्याच जागी अंग टाकायचे. खोलीच्या देवाचा फोटो, सणाची वर्गणी, भांडणाचा निवाडा आणि आजाऱ्याला गावी पोचवायची जबाबदारी, सगळे गावकीकडे. गिरणगावच्या नाच-गाण्याचा इतिहास या खोलीत सुरू होतो. मराठीत ‘करमणूक’ हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे, पण तो ज्या ‘करमणे’ या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ परक्या जागी जीव रमणे असा आहे. मुंबईत नव्याने आलेल्या माणसाची पहिली तक्रार ‘इथं करमत नाही’ हीच असे. त्या तक्रारीवर गावकीकडे एक ठरलेला उपाय होता, आणि तो गावाहूनच आणलेला होता.

रत्नागिरीकडच्या मंडळींचा उपाय म्हणजे नमन-खेळे आणि जाखडी. नमन हा मूळचा शिमग्यातला विधी. मृदंगाच्या तालावर देवदेवतांना आवाहन होते, काळ्या वेशातला संकासुर येतो, गवळणींचा प्रवेश होतो आणि शेवटी एखादे आख्यान लागते. स्त्रियांची कामे पुरुषच करतात. जाखडीत मधोमध ढोलकी आणि गायक बसतात आणि त्यांच्याभोवती पायांत चाळ बांधलेले गडी गोल धरून नाचतात. तिचीच स्पर्धेची बाजू शक्ती-तुरा. शक्तीवाले आदिमायेची थोरवी गातात, तुरेवाले शिवाची, आणि एका पक्षाने घातलेले कोडे दुसऱ्याने रात्र संपायच्या आत सोडवायचे असते. मुंबईच्या लोकांनी या जाखडीला ‘बाल्या नाच’ म्हटले. साहेबाच्या आणि शेठच्या घरी काम करणाऱ्या, कानात बाळी घालणाऱ्या कोकणी गड्याला शहर ‘बाल्या’ म्हणून हाक मारी. तेच हेटाळणीचे नाव त्याच्या नाचाला चिकटले, आणि काही पिढ्यांनी ते नाचणाऱ्यांनीच मिरवायला घेतले.

मुंबईत आल्यावर या प्रकारांचे काम बदलले. गावात नमन देवाच्या मानपानाशी आणि वतनाशी बांधलेले होते: कोणाच्या दारात आधी नाचायचे, पालखीला खांदा कोणी द्यायचा, हे जातीने आणि घराण्याने ठरलेले. चाळीच्या चौकात ते घराणे नव्हते. वर्गणी ज्याने दिली तो मानकरी. खेळ्यांच्या तिकिटातून आणि वर्गणीतून गावच्या देवळाचा जीर्णोद्धार होई, शाळेची खोली बांधली जाई, कोणाच्या प्रेताचा खर्च निघे. अशा रीतीने नाचणाऱ्या मंडळांतून कोकणातल्या गावांची ‘मुंबईकर मंडळे’ उभी राहिली. गावच्या कारभारात जमीनदाराच्या बरोबरीने, कधी त्याच्या वर, त्यांचा शब्द चालू लागला. कुळाचा मुलगा मुंबईहून पैसे आणि मतही घेऊन येतो, हे खोताला सहन करावे लागले. हा सत्तापालट कोणत्याही ठरावाने झालेला नाही. तो झाला तो ढोलकीच्या वर्गणीतून.

घाटावरच्या कामगाराचा ओढा तमाशाकडे होता. ग्रँट रोडच्या नाटकघरांच्या वस्तीला इंग्रजी ‘प्ले हाउस’वरून लोकांनी ‘पिला हाउस’ म्हटले, आणि तिथल्या थिएटरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तमाशाचे फड लागत. शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) आणि नर्तकी पवळा यांच्या बारीसाठी गिरणीकामगार तिथे लोटत. बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचा श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्माने ब्राह्मण, पवळा जन्माने महार. दोघांच्या एकत्र उभे राहण्यातच त्या काळच्या समाजव्यवस्थेला दिलेला एक धक्का होता. त्याची किंमत बापूरावांनी जातीबाहेर पडून मोजली, आणि पवळेने किती मोजली याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. पुढे लालबागचे हनुमान थिएटर गिरणीकामगारांच्या तिकिटावर उभे राहिले आणि अनेक वर्षे चालले. यमुनाबाई वाईकरांसारख्या (१९१५–२०१८) कोल्हाटी-डोंबारी समाजातून आलेल्या कलावतीही लावणीच्या जोरावर मुंबईला आल्या. तमाशाने कामगाराचा शीण घालवला हे खरे, पण तो घालवणाऱ्या बायकांचा शीण या हिशेबात धरलेला नसे. गिरणगावच्या कलांचे गुणगान करताना ही बाजू बहुतेक लेखक गाळतात.

तमाशाच्या आकृतिबंधात एक मोठी सोय होती. गण, गौळण, बतावणी आणि वग असे त्याचे चार सांधे, आणि प्रत्येक सांध्यात नवे काही बसवता येई. बतावणी तर त्या दिवशीच्या घटनेवरच चालायची. ही सोय पहिल्यांदा सत्यशोधकांनी ओळखली. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापला. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणीकामगारांची संघटना बांधली, आणि १० जून १८९० पासून कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. कामगाराच्या हाती आठवड्यातला एक मोकळा दिवस आला आणि त्या दिवशी करायचे काय, हा प्रश्नही आला. सत्यशोधक जलसे, म्हणजे समाजाचे विचार नाच-गाण्यातून मांडणारे खेळ, हे त्याचे एक उत्तर होते. त्यांनी तमाशाचा सांगाडा तसाच ठेवला. गणपतीच्या गणाच्या जागी निर्मिकाची, म्हणजे सृष्टिकर्त्याची, प्रार्थना घातली, सोंगाड्याच्या तोंडी भटजी आणि सावकाराची फजिती दिली आणि शिक्षणाचा आग्रह वगात आणला.

त्याच रचनेला आणखी धार आली ती आंबेडकरी जलशात. गिरणीत जात संपते, असा एक समज होता. गिरणीतला विणाईचा विभाग, म्हणजे साचाखाते, तो खोटा ठरवीत होता. विणकराला धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याने घ्यायचा असल्याने जास्त पगाराच्या त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. १९२८ साली गिरण्यांत सहा महिने संप चालला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. वस्त्याही वेगळ्या होत्या. जातवार चाळी, जातवार खोल्या, पाण्याच्या वेगळ्या वेळा, आणि मुंबईत येऊनही माणूस गावकुसाबाहेरच. अशा वस्त्यांत, नायगाव-वरळीच्या बी.डी.डी. चाळींत आणि झोपडपट्ट्यांत, नाशिककडच्या भीमराव कर्डकांच्या जलशासारखी पथके रात्र जागवत. काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह आणि १९३२ चा पुणे करार हे विषय वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसापर्यंत पोचले ते जलशातून. गणात देवाऐवजी बाबासाहेबांना वंदन आले. कृष्णाने गौळणी अडवण्याच्या थट्टेची जागा शिकलेला तरुण आणि कर्मठ म्हातारा यांच्या सवाल-जवाबांनी घेतली.

याच वातावरणातून वामनदादा कर्डक (१९२२–२००४) घडले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा मुलगा आईबरोबर मुंबईला आला, गिरणीत लागला, शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहिला, आणि त्याची अक्षरओळखही मुंबईतच मोठेपणी झाली. त्यांनी नंतर हजारो गाणी रचली. ती पुस्तकात येण्याआधी वस्त्यांच्या तोंडी होती. जलशाने आपल्या प्रेक्षकाला दिलासा दिला तो ‘सोसा’ असे सांगून नव्हे. तुझ्या दुःखाला नाव आहे, कारण आहे आणि ते कारण हटवता येते, असे त्याने सांगितले. परक्या शहरात अपमान गिळत जगणाऱ्या माणसाच्या मनावर याचा काय परिणाम होत असेल, हे त्या जलशांना लोटलेल्या गर्दीवरून कळते.

मध्यमवर्गीय सुधारकांनीही या वस्तीत आपले एक दालन उघडले. ना. म. जोशी (१८७९–१९५५) यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. साक्षरतेचे वर्ग, वाचनालये, दवाखाने हे तिचे काम. परळला १९२२ साली दामोदर ठाकरसी हॉल उभा राहिला आणि कामगारांना हक्काचा रंगमंच मिळाला. दामोदरचे वैशिष्ट्य असे की त्याच्या तारखांच्या वहीत कामगार संघटनेची सभा, हौशी नाटक, दशावतार आणि शक्ती-तुऱ्याचा सामना एकाखाली एक लिहिलेले असत. गिरगाव-दादरकडच्या नाट्यसृष्टीने त्याला फारसे मानाचे पान दिले नाही. त्या प्रेक्षागृहात शिट्ट्या पडतात, अशी नाके मुरडण्यातच ती रमली.

या सगळ्या प्रवाहांचे पाणी एका जागी आले ते १९४४ साली. त्या वर्षी शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ सुरू केले. आदल्या वर्षी, १९४३ मध्ये, मुंबईतच ‘इप्टा’ ही लोकनाट्य संघटना स्थापन झाली होती आणि बंगालच्या दुष्काळासाठी नाच-गाण्यातून देशभर निधी गोळा होत होता. त्या हवेत कम्युनिस्ट पक्षाने शाहिरांना बळ दिले. पण लाल बावटा कलापथक निव्वळ पक्षाच्या कार्यालयातून उगवले असे मानणे चूक ठरेल. अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या मांगवाड्यातला. शाळा जेमतेम दीड दिवसाची. वडिलांबरोबर सारे कुटुंब वाटेगावहून मुंबईला चालत आले. कोळसे वेचण्यापासून गिरणीतल्या झाडूकामापर्यंत मिळेल ते त्यांनी केले आणि माटुंग्याच्या लेबर कँपात चळवळीची ओळख झाली. त्याआधी गावाकडे नात्यातल्या बापू साठ्यांच्या तमाशा फडात त्यांनी वाद्ये वाजवली होती, पाठांतर केले होते, वगातली कामे केली होती. अमर शेख, म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल (१९१६–१९६९), हेही गिरणीकामगार आणि मोटारीवरचे क्लीनर राहिलेले. म्हणजे व्यासपीठावरचा माणूस आणि खाली सतरंजीवर बसलेला माणूस एकाच वाटेने मुंबईला आलेले होते.

कलापथकाचा खेळ लावायला फारसे काही लागत नसे. चाळीचा चौक किंवा कामगार मैदान, चार बाकांचा मंच, डफ, ढोलकी, तुणतुणे, मागे जोडगाणी धरणारे साथीदार. गणात मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन. मग पोवाडा. अण्णाभाऊंच्या १९४३ च्या स्टालिनग्राडच्या पोवाड्याने परळच्या कामगाराला युरोपातल्या एका शहराच्या वेढ्याशी जोडले, ही गोष्ट आज अतिशयोक्तीची वाटेल, पण शिवरायांच्या गडाचा वेढा ऐकत वाढलेल्या श्रोत्याला वेढा कळायला नकाशा लागत नव्हता. पोवाड्यानंतर वग. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ ही त्यांतली गाजलेली नावे. सावकार, शेठ, पुढारी आणि दलाल हे वगातले नेहमीचे गिऱ्हाईक. तमाशातला राजा-प्रधान बदलून तिथे मालक-मुनीम आले, पण सोंगाड्या तोच राहिला: अडाणी दिसणारा, उलटे प्रश्न विचारणारा, आणि शेवटी मालकालाच निरुत्तर करणारा. मुकादमासमोर दिवसभर मान खाली घालून ‘होय साहेब’ म्हणणाऱ्या बदली कामगाराला रात्री सोंगाड्याच्या तोंडून आपले उत्तर ऐकू येई. हसण्याचे ते औषध भाषणांत नव्हते.

मुंबई कोणाची, हा या रचनांमधला फिरून फिरून येणारा प्रश्न. पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी केली होती. तिच्यात घाटावरून आलेल्या माणसाचे डोळे दिपवणारे शहर आहे. अण्णाभाऊंनीही मुंबईची लावणी लिहिली. तिच्यात मलबार हिल आहे, आणि फोरास रोड, परळ, धारावीही आहे. चाळीस-पन्नास वर्षांच्या अंतराने एकाच प्रकारात, एकाच शहरावर, स्थलांतरिताच्या दोन नजरा अशा समोरासमोर उभ्या राहिलेल्या मराठीत दुसरीकडे सापडत नाहीत. पहिल्या लावणीतला माणूस शहर पाहायला आलेला आहे. दुसऱ्या लावणीतल्या माणसाने ते बांधलेले आहे, म्हणून त्याला हिशेब हवा आहे.

त्याहून मोठी उंची गाठली ती ‘माझी मैना’ या छक्कडीने. छक्कड हा लावणीचाच चटकदार, नाचता प्रकार. विरहाची लावणी परंपरेने बाईच्या तोंडची असते: सखा परदेशी गेला, मी झुरते. अण्णाभाऊंनी ती पुरुषाच्या तोंडी दिली. पोटासाठी मुंबईला निघालेला गडी गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, तिचे रूप, तिचा निरोप, तिचे दागिने घडवायचे राहून गेलेले वचन, आणि मग मुंबईच्या फुटपाथवरची आपली दशा. गिरणगावात ही कथा कोणाची नव्हती? गिरणीतल्या लाखो पुरुषांनी जे कधी एकमेकांना बोलून दाखवले नव्हते, ते चौकात ढोलकीवर सर्वांदेखत गायले गेले. मग छक्कड वळण घेते. संयुक्त महाराष्ट्राचा लढा चालू होता. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली, गोळीबार झाले, शंभरावर माणसे मेली. मैनेपासून तुटलेल्या गड्याचे दुःख अण्णाभाऊ महाराष्ट्रापासून तुटलेल्या बेळगाव, कारवार, निपाणी, डांग या भागांच्या दुःखाला नेऊन भिडवतात. राजकीय मागणी माणसाच्या गळी कशी उतरते, याचा हा वस्तुपाठ. त्यात घोषणा आधी आली असती तर छक्कड मेली असती. आधी घरचे दुःख ओळखले, म्हणून राज्याचे दुःख पटले. लाल बावट्याच्या कितीतरी प्रचारी रचना त्या त्या संपाबरोबर विसरल्या गेल्या आणि ही टिकली, याचे कारण त्यातच आहे.

सरकारला या खेळांचे भय वाटले, यात नवल नाही. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. कारण अश्लीलतेचे सांगितले गेले. लाल बावटा कलापथकाच्या खेळांनाही मनाई झाली आणि कम्युनिस्टांच्या धरपकडीत शाहीरही आले. यावर उपाय म्हणून तमाशाला ‘लोकनाट्य’ म्हणण्याची चाल पक्की झाली. नाव बदलले, तशी पांढरपेशी वस्तीही हळूहळू दार उघडू लागली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने समाजवादी बाजूने हेच माध्यम चालवले, आणि नायगावच्या चाळीत गिरणीकामगाराच्या घरी जन्मलेले दादा कोंडके त्याच वाटेने १९६५ च्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यापर्यंत गेले. तोवर लोकनाट्यातला कामगार मागे पडून फक्त सोंगाड्या उरला होता. तिकिटांची रांग मात्र लांबली.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. लढ्यातले कलापथक संपले, पक्ष फुटले, अमर शेख आणि अण्णाभाऊ दोघेही १९६९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने गेले. अण्णाभाऊ गोरेगावातल्या छोट्या घरात, जवळजवळ विपन्नावस्थेत. मधल्या काळात या माध्यमाने एक वेगळीच चाल खेळली होती. वाईजवळच्या पसरणीचे कृष्णराव साबळे, म्हणजे शाहीर साबळे (१९२३–२०१५), यांचे ‘आंधळं दळतंय’ हे लोकनाट्य १९६६ च्या सुमारास रंगमंचावर आले. मुंबईत मराठी माणसाच्या नोकऱ्या दाक्षिणात्य घेऊन जातात, हा त्याचा विषय. शिवसेनेची स्थापना १९ जून १९६६ ची, आणि त्या भावनेला आवाज देण्यात या नाटकाचा वाटा मोठा मानला जातो. शाहीर साबळ्यांच्या गळ्याची आणि विनोदाची ताकद निर्विवाद. पण एका पिढीपूर्वी उपऱ्या कामगाराची बाजू मांडणारा वग आता त्याच शहरात नंतर आलेल्या उपऱ्याविरुद्ध उभा राहिला, हेही नमूद करायला हवे. लोककला आपोआप न्यायाच्या बाजूची नसते. ढोलकी ज्याच्या हाती त्याची.

दुसरीकडे कामगारांची हौशी रंगभूमी शांतपणे वाढत होती. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ आले, वस्त्यांतून ललित कला भवने उघडली आणि दरवर्षीच्या कामगार नाट्यस्पर्धांनी गिरण्या, कारखाने, बँका यांतल्या माणसांना रंगभूमीवर आणले. पाळी संपवून तालमीला येणारे हे नट. गंगाराम गवाणकरांचे मालवणी ‘वस्त्रहरण’ अशाच स्पर्धेच्या नाटकातून वाढून १९८० साली व्यावसायिक रंगमंचावर आले आणि मच्छिंद्र कांबळींच्या (१९४७–२००७) हाती त्याचे ५,००० वर प्रयोग झाले. कोकणातल्या गावात दशावतारी वळणाचे महाभारत उभे करताना उडणारी तारांबळ, एवढेच त्याचे कथानक. पण मालवणी बोली मुंबईच्या मोठ्या नाट्यगृहात, मोलकरणीच्या आणि गड्याच्या तोंडाबाहेर, नाटकाची मुख्य भाषा म्हणून तीन तास ऐकू येणे हा लालबाग-परळच्या कोकणी प्रेक्षकाला मिळालेला मान होता. ‘बाल्या’ म्हणून ज्याला हसत, तो आता स्वतःवर हसत होता, आणि ही दोन हास्ये एक नव्हेत. नाटक लंडनपर्यंत गेले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. लाखाहून अधिक कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. अनेक जण गावी परतले, उरलेल्यांच्या घरी बायका खानावळीपासून धुण्याभांड्यांपर्यंत मिळेल ते काम करू लागल्या, पोरे गल्लीतल्या टोळ्यांत गेली. या पडझडीचे नाटक जयंत पवारांनी (१९६०–२०२१) ‘अधांतर’मध्ये लिहिले. १९९७ साली ते रंगमंचावर आले तेव्हा गिरण्यांच्या जागा विकण्याची बोलणी सुरू होती. एका खोलीत कोंडलेले कुटुंब, वेगवेगळ्या दिशांना फुटणारी मुले आणि सगळ्यांना धरून ठेवू पाहणारी आई. यात डफ नाही, सोंगाड्या नाही, कोणी शेठला निरुत्तर करत नाही. शाहिराने कामगाराला ‘उठ’ म्हटले होते. ‘अधांतर’ त्याच्याशेजारी नुसते बसून राहते. हरलेल्या माणसाला त्या क्षणी तेच हवे असावे. गिरणगावातल्या कुटुंबांनी ते नाटक आपले मानले, आणि २०१० मध्ये त्यावर ‘लालबाग परळ’ हा चित्रपटही आला.

शाहिरीचा धागा त्याच सुमारास गिरणगाव सोडून उपनगरांच्या झोपडपट्ट्यांत गेला होता, कारण नवे स्थलांतरित तिथे राहत होते. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून उठलेली माणसे घाटकोपर, चेंबूर, मुलुंड, गोवंडी इकडे वसली. विलास घोगरे, संभाजी भगत यांच्यासारखे शाहीर ‘आव्हान नाट्य मंचा’सारख्या पथकांतून तिथे गात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे मेली. त्यानंतर चारच दिवसांनी विलास घोगरेंनी आपल्या झोपडीत आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाची सुरुवात त्यांच्यापासून होते. गाण्याने वस्तीला उभे केले, गाणाऱ्याला मात्र सावरता आले नाही. कलेच्या उपचारशक्तीबद्दल बोलणाऱ्यांनी ही घटना वगळू नये.

गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले. कामगारांची मुले विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूर इकडे पांगली. गावकीच्या खोल्या काही मंडळांनी विकल्या, काहींच्या इमारतीच पुनर्विकासात गेल्या. तरी कोकणातली मंडळे मोडली नाहीत. गणपती-शिमग्याच्या गाड्यांची आरक्षणे, देवळाची वर्गणी आणि नमनाचा खेळ यांभोवती ती अजून फिरतात. अलीकडे काही मंडळांत गवळणींची कामे मुली करू लागल्या आहेत. परळच्या दामोदर नाट्यगृहाने २०२२ साली शंभरी गाठली आणि पुढच्याच वर्षी पुनर्बांधणीसाठी ते बंद झाले. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांच्या आणि नमनाच्या जाहिरातींत आता विलेपार्ले, बोरिवली, ठाणे आणि वाशी इथल्या नाट्यगृहांची नावे असतात.